मामांचं ‘यू द्या’

“पोचा गाडीला पडलाय पावणं, माणसाला न्हाय. आधी खाली उतरा.”

शाहूपुरीत आमच्या ऑफिसच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये दोन गाड्या घासल्या, की हे वाक्य ऐकू यायचं. म्हणणारे मामा, पार्किंगचे राखणदार. नऊ वर्षं मी त्यांना मामाच म्हटलं. नाव विचारायचं राहून गेलं असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे मी विचारलंच नाही.

चूक कुणाची हे ठरवायची त्यांची एक रीत होती. आरडाओरडा ओसरेपर्यंत ते तंबाखू मळत. मग दोघांनाही समोरच्याच्या गाडीचा पोचा हातानं चाचपायला लावत. “आपला पोचा आंधळ्यालाबी दिसतोय. त्येंचा बघा.” तुम्ही करून पाहा. दुसऱ्याच्या पत्र्यावर हात ठेवून वरच्या पट्टीत भांडता येत नाही.

एकदा हुपरीचे एक चांदीवाले भरपाईत मागच्या दाराचा खड्डाही घुसडू लागले. मामांनी वाकून नखानं खरवडलं. “ह्यात गंज धरलाय शेठ. सकाळी ठोकल्याली गाडी दुपारपातूर गंजती व्हय?” चांदीवाल्यांनाच हसू आलं आणि त्यांनी दाराचं नाव सोडलं. तिथं कॅमेरा नव्हता. मामांचा शब्द सगळ्यांना पुरे व्हायचा.

मग माझी पाळी आली. मी फोनवर बोलत गाडी मागं घेत होतो. मामा मागं उभे राहून “यू द्या, यू द्या” म्हणत होते. मग “बास, बास” म्हणाले. ते मला ऐकू आलं. पण फोनवरचं वाक्य पुरं करायच्या नादात पाय ब्रेकवर गेला नाही, आणि डॉक्टरीणबाईंच्या नव्या गाडीचं दार चेपलं.

बाई आल्या, इमारतीचे सेक्रेटरी आले. सगळे माझ्याकडे पाहू लागले तसा मी म्हणालो, “हे ‘येऊ द्या’ म्हणाले, म्हणून मी आलो.” शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतका पटकन सुचला.

“मामा, म्हणालासा काय?” सेक्रेटरींनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं ‘बास’ मी सांगेन म्हणून ते थांबले असावेत. मी फोन खिशात घालत राहिलो.

“म्हटलंय की,” ते म्हणाले. “यू द्या म्हटलंय मी.”

दुसऱ्या दिवशी मामांना कामावरून कमी केलेलं होतं. वय झालं होतं त्यांचं, सेक्रेटरी म्हणाले. मी मान डोलावली. लाज वाटली होती, नाही असं नाही; पण जिना चढून खुर्चीत बसेपर्यंत मी ती गिळून टाकली.

दोनेक महिन्यांनी ते स्टँडवर दिसले, गगनबावड्याच्या गाडीजवळ. मी तोंड चुकवणार, तोवर तेच पुढं आले.

“साहेब, बाईंनी लई तरास दिला न्हाय न्हवं?”

“नाही, मामा.”

“बरं झालं.” मग जरा घुटमळून म्हणाले, “एक इचारू? माझं ‘बास’ तुमास्नी ऐकू आलतं काय? पोरगी म्हणती, बाबा, तुमचा आवाज बसलाय.”

सांगायला एक शब्द पुरला असता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

“नाही आलं,” मी म्हणालो.

त्यांनी दोनदा मान हलवली. “मग चूक माझीच,” म्हणाले, आणि गाडीत चढले.