राधानगरीचं कांगारू

माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे, की देवानं आधी म्हैस केली आणि उरलेल्या सामानात बाकीचे प्राणी उरकले. रोज संध्याकाळी ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात, फेसाळ पेला त्याच्या हातात देतात आणि पेला रिकामा होईपर्यंत जगातल्या एखाद्या जनावराची अब्रू काढतात. घोडा नुसता मिजासखोर. उंट घाईत केलेला. वाघाबद्दल थोडा आदर आहे, पण त्याच्या दुधाचं दही कुणी लावलेलं ऐकिवात नाही, म्हणून तोही बाद. दिवाळीच्या पाडव्याला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी घेऊन मिरवणुकीत निघाले, की मामा स्वतःच नवरदेवासारखे दिसतात.

आणि अशा माणसाची एकुलती एक लेक ऑस्ट्रेलियात जाऊन राहिली, आता बोला! गेली ती परत आलीच नव्हती. सहा वर्षांची नात दर रविवारी फोनवर दिसायची. एकदा तिनं मामांना कांगारू दाखवलं, पोटाच्या पिशवीतून पिल्लू डोकावतंय असं. मामांनी बाजारात जनावर पारखावं तसं ते पारखलं आणि शेरा मारला, की हे सारखं उड्या मारणार, धार काढणाऱ्यानं बसायचं कुठं? नात वसकली. पिल्लाला अंगावर घेऊन हिंडणारं एक तरी जनावर तुमच्याकडे आहे का? दाखवा, मग मी दिवाळीला येते. माकड चालणार नाही, ते इथल्या प्राणिसंग्रहालयातही आहे. सगळे हसले. मामा हसले नाहीत. लेक घरी येण्याचा एवढाच रस्ता त्यांना दिसला होता.

मग काय, माझे सगळे रविवार राधानगरीच्या जंगलात गेले. मोटारसायकल माझी, भिजणं माझं, मतं मामांची. गवा दिसला तेव्हा मी झाडामागं गेलो आणि मामा मान लांब करून त्याची कास शोधत बसले. तो नर होता. शेकरूची झुपकेदार शेपटी त्यांना फार आवडली, पण माश्या वारायला ती म्हशीला द्यायला हवी होती म्हणे. खवल्या मांजराचं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून हिंडतं, असं कुणीतरी सांगितलं आणि मामांनी त्याच्यासाठी अख्खं रान पालथं घातलं. ते बेटं काही दिसलं नाही. परतताना मामा मागच्या सीटवर गप्प असायचे, आणि त्यांचं गप्प बसणं मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जड जायचं.

असंच एकदा ओळखीच्या शेतकऱ्याच्या भातखाचरापाशी चहा पीत होतो. पाण्यात एक चपटा तपकिरी किडा पोहत होता, पाठभर पांढरे दाणे चिकटलेले. मामांनी कप खाली ठेवला. "आरं आरं, गोचिडांनी खाल्लं की बिचाऱ्याला," म्हणत बाह्या सारून पाण्यात हात घातला. आयुष्यभर म्हशींच्या गोचिड्या काढलेला माणूस, दुसरं काय करणार!

"काढू नगासा," शेतकरी म्हणाला. "अंडी हायत ती. नर हाय त्यो. मादी पाठीवर अंडी घालून जाती, पिल्लं निघूस्तर ह्योच घिऊन फिरतोय."

मामांनी हात मागं घेतला. मामी गेल्या तेव्हा लेक रांगत होती. तिला उपरण्यानं पाठीला बांधून हा माणूस कट्ट्यावर धारा काढायचा, हे जुन्या गिऱ्हाइकांना अजून आठवतं.

रविवारी मामांनी किड्याची गोष्ट नातीला सांगितली. किडा म्हणजे काय जनावर आहे का, असा तिनं वाद घातला. तेवढ्यात आतून सगळं ऐकत असलेली लेक आली, तिनं फोन हातात घेतला. मग ती म्हणाली, "आबा, तिकिटं काढते."

दिवाळीला आल्या दोघी. पाडव्याच्या मिरवणुकीत नात आजोबांच्या पाठीवर होती, एका हातात त्यांचा कान धरून. गुडघ्याचं दुखणं मामा त्या दिवशी साफ विसरले होते. त्यांच्या म्हशीकडं कुणी बघितलंच नाही, आणि मामांना त्याचं काही वाटलं नाही, यातच सगळं आलं.

परवा कट्ट्यावर गेलो. दोघी जाऊन महिना झाला असेल. मामा धार काढत होते, नेहमीपेक्षा जास्त पुढं वाकून, पाठ अगदी सपाट धरून. पाठ धरलीय का, म्हणून मी विचारलं.

"न्हाय वो पावणं," धार न थांबवता ते म्हणाले. "सवय लागलीया परत."