दुपट्ट्याखालचा हात

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, एरवी ओरडूनच बोलायचे. पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की एकदम गप्प व्हायचे आणि हात पुढे करायचे. आपण हातात हात द्यायचा. त्यावर ते खांद्यावरचा दुपट्टा टाकायचे आणि खालून बोटं दाबून बोलायचे. कळमन्याच्या बाजारात त्यांचे संत्र्यांचे सौदे असेच व्हायचे. भाव फक्त दोन हातांना कळायचा. पुढे उघडी बोली आली, पण मोठेबाबांची खोड काही गेली नाही.

मला ही भाषा त्यांनी लहानपणीच शिकवली. एक बोट दाबलं की 'हो', दोन दाबली की 'नाही', आणि सगळा पंजा आवळला की 'घरी चल'. लग्नाच्या पंगतीत कंटाळले की मी पंजा आवळायची. मोठेबाबा अर्धी जिलबी तशीच टाकून उठायचे आणि मोठीआई चारचौघांत त्यांचा उद्धार करायची. नियम एकच होता, आणि त्यात सूट नव्हती.

"उत्तर दिल्याबिगर हात काढाचा नाही वं. हात काढला का सौदा मोडला."

मी नर्स म्हणून जर्मनीला निघाले, तेव्हा विमानतळाच्या दारातल्या रांगेत त्यांनी हात पुढे केला.

"इथं काहून, मोठेबाबा? लोक पाहून राहिले."

"पाहू दे. तुले सांगाचं हाय."

दुपट्ट्याखाली सगळा पंजा आवळला गेला. जाऊ नको असं नव्हतं त्यात. घरी परत ये, एवढंच ते मागत होते. एक बोट दाबायचं होतं मला, बस. तेवढ्यात रांग सरकली, मागच्या बाईची ट्रॉली टाचेला लागली आणि मी हात काढून घेतला.

पाच महिन्यांनी मोठेबाबा गेले. मला रजा मिळाली नाही. आईने दुपट्टा पार्सलने पाठवला, संत्र्याच्या डागांसकट, न धुता. "शेवटी शेवटी हात दुपट्ट्याखालीच ठेवून राहत," ती फोनवर म्हणाली. "कोनाले काढू नाही दिला."

इथं सकाळी ड्यूटीला निघण्याआधी मी टेबलावर तो दुपट्टा पसरते आणि खाली हात घालते. वेडेपणा म्हणा हवं तर. आधी बोटं गार असतात, मग ऊब येते, आणि पंजा आवळला जातो. भीती वाटत नाही, उलट तेवढ्यापुरती मी घरी असते. मी एक बोट दाबते, पुन्हा पुन्हा दाबते. पकड सुटत नाही. मोठेबाबांनी समोरच्याच्या आधी हात कधी काढलाच नव्हता. खिडकीतून बस येताना दिसते, आणि रोज मलाच तो काढावा लागतो.