गल्लीचा मिक्सर

देशातल्या उत्तम बचावपटूंमध्ये जिचं नाव घेतलं जातं, ती जासियारा जुआंव पेसोआ शहरातल्या बेसा या किनारवस्तीच्या मासळीबाजारात दर ओट्यापुढे उभी राहून सोडतीची तिकिटं खपवते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याने तिला टीव्हीवर पाहिलेलं असतं. काळा चष्मा, रापलेले खांदे, वाळूत घेतलेली लांब झेप, मागे टाळ्या वाजवणारी गर्दी. एवढं सगळं आहे म्हणजे पैसाही असणार, असा त्याचा समज. जासियारापुढे कुणी तसं बोललं की ती आधी हसते, आणि मग जे बोलते ते छापण्यासारखं नसतं.

खरा प्रकार असा की बीच व्हॉलीबॉल हा दोघींचा खेळ. मागे क्लब नाही, पगार नाही, पाय मुरगळला तर बदली खेळाडू नाही. स्पर्धेचा टप्पा ज्या गावी असेल तिथे स्वतःच्या पैशाने जायचं, स्वतःच्या पैशाने राहायचं, आणि पहिल्याच दिवशी हरलं तर स्वतःच्याच पैशाने तोंड लपवत परत यायचं. न जावं तर क्रमवारीतले गुण जातात. गुण गेले की पात्रता फेरीच्या रांगेत विशीतल्या पोरींमागे उभं राहा. जासियाराने पस्तिशी ओलांडली होती आणि त्या रांगेत परत उभं राहायची तिची तयारी नव्हती.

म्हणून मिक्सर.

ही अक्कल लिंदाल्वामावशीची. आई गेल्यावर जासियाराला मावशीनेच वाढवलं, किनाऱ्यावर टॅपिओकाच्या धिरड्यांची गाडी लावून. सोबत काजूच्या बोंडांचा रस. बोंडं हाताने पिळायची, फडक्यातून गाळायची. मावशीची बोटं हंगामभर काळी पडलेली असायची. जासियारा खेळात नवीन होती तेव्हा मावशीने हप्त्यावर एक मिक्सर आणला, आकडे टाकून तिकिटं काढली आणि गल्लीत विकली. त्या पैशांत भाची रिओला खेळून आली. मिक्सर लागला बिऊकाकाच्या बायकोला. बेसाच्या वाळूवर जासियाराच्या जन्माआधीपासून ज्याचं व्हॉलीबॉलचं जाळं एकाच जागी उभं आहे आणि ज्या जाळ्यावर ती खेळायला शिकली, तो हा बिऊकाका. त्याची बायको सोमवारी खोकं तसंच घेऊन मावशीच्या दारात आली.

"माझ्याकडे आहे की एक. ठेव, पुढच्या वेळी परत लाव."

तेव्हापासून तो पायंडाच पडला. कुणालाही लागू दे, सोमवारी मिक्सर मावशीच्या गाडीखाली परत. कोळणीला लागला, पाववाल्याला लागला, एकदा पाद्रीबाबांना लागला, तर तेही रविवारची प्रार्थना उरकून संध्याकाळीच देऊन गेले. किती वेळा झालं हे आता कुणाला आठवत नाही. खोकं कधी उघडलंच नाही. मोटारसायकलवरून पडून एक कोपरा चेपला, त्यावर मावशीने निळी पट्टी चिकटवली, आणि कुणी बदलू नये म्हणून तळाशी लाल नेलपॉलिशने फुली मारून ठेवली. या सगळ्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. लोक तिकिटं घ्यायचे, नशीब आजमावतोय असं तोंड करायचे, आणि जासियाराला मान खाली घालून आभार मानावे लागायचे. तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. आधी स्वतःचा, मग ज्यांनी ही वेळ आणली त्यांचा.

यंदा तिने मनाशी ठरवलं होतं. पालिकेच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा तिला देऊ केली होती आणि मुख्याध्यापक उत्तरासाठी थांबले होते. अराकाजूच्या टप्प्यात पहिल्या तीन जोड्यांत आलो तर बक्षिसाच्या पैशावर पुढचे दोन टप्पे निघतील, मग खेळत राहायचं. नाही आलो तर शाळा. हे तिने मावशीलाही सांगितलं. मावशी म्हणाली, "शाळा कुठे पळून चाललीय? तू खेळ."

त्याआधी जुआंव पेसोआतच, म्हणजे घरच्या वाळूवर, एक टप्पा झाला. तो आटपल्यावर खेळाडूंना हॉटेलच्या सभागृहात बोलावलं. स्पर्धेचे संचालक एव्हांद्रो साहेब रिओहून आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात कॉफी.

"जुने प्रायोजक गेले," साहेब म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आहे. नवे घरगुती वस्तूंच्या दुकानांचे आहेत, चांगले लोक आहेत. बक्षिसांची थोडी फेररचना होईल. आपला खेळ आता स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. आणि खेळाडूंनीही जरा कल्पकता दाखवावी. सगळं आमच्याकडेच का मागायचं?"

जासियाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"कल्पकता आहे साहेब, पिशवीतच आहे." तिने तिकिटांचा गठ्ठा त्यांच्या कपाशेजारी ठेवला. "अराकाजूला जायचंय. मिक्सरची सोडत आहे. घ्या एक."

तिची जोडीदार मेइरे शर्ट ओढत पुटपुटली, "बस गं खाली. स्पर्धेतली आहे ती जागा घालवशील."

"जागा माझ्या मावशीने मिळवून दिलीय, यांनी नाही."

सभागृह हसलं. साहेबही हसले. तसे ते हसतमुख. त्यांनी एक तिकीट घेतलं, ते हातात धरून फोटो काढून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो जगभर फिरला. खाली लिहिलेलं, आम्ही खेळाडूंच्या पाठीशी आहोत.

रविवारी मावशीच्या गाडीपाशी सोडत झाली. बिऊकाकाने पातेल्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि बराच वेळ नुसती बघत राहिला.

"वाच की," मावशी म्हणाली. "चष्मा देऊ?"

"वाचता येतंय मला. एव्हांद्रो साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर आला, खोकं डिकीत टाकलं आणि निघून गेला. गल्लीने तो दिवस वाट पाहिली, आणखी दोन दिवस पाहिली. साहेब विमानाने रिओला गेल्याची बातमी आली तेव्हा पाववाला म्हणाला, "त्यांना कुणी सांगितलं नसेल."

"काय सांगायचं होतं?" जासियारा त्याच्यावर उखडली. "की साहेब, लागला तरी न्यायचा नसतो? आम्ही इथे भिकेचं नाटक करतो, तुम्हीही करा?"

"भीक कशाला म्हणतेस? परत काढू की चिठ्ठी. पाव्हण्याचं तिकीट बाद."

"मुळीच नाही. त्यांच्या नावाची निघाली, त्यांचा मिक्सर. सोडत खरी होती, निदान तेवढं तरी खरं राहू दे."

मावशी बोंडं पिळत बसली होती आणि गाडीखालच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळत होती.

अराकाजूला त्या दोघी रागावर खेळल्या असं म्हटलं तरी चालेल. दुपारची वाळू पायाला चटके देत होती. जासियाराने हाती लागणारे चेंडू उचलले, न लागणारेही उचलले, एकदा तर जाहिरातीच्या फळीवर जाऊन आदळली आणि कोपर सोलून घेतलं. उपांत्य सामना थोडक्यात गेला. तिसऱ्या जागेचा सामना त्यांनी शेवटच्या सेटमध्ये खेचून आणला. मेइरे वाळूत लोळून रडली. जासियारा रडली नाही. पुढचे दोन टप्पे, बस, खोली, जेवण, सगळं तिच्या डोक्यात मांडून झालं होतं, आणि त्यात कुठेही सोडत नव्हती. कितीतरी वर्षांनी नव्हती.

बक्षीस समारंभाला एव्हांद्रो साहेब हजर होते. पहिल्या दोन जोड्यांना धनादेश मिळाले. मग निवेदक म्हणाला, "आणि तिसऱ्या क्रमांकाला, आपल्या प्रायोजकांच्या सौजन्याने, खास भेटवस्तू."

फेररचना म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मेइरेच्या हातात इस्त्री आली. जासियाराच्या हातात साहेबांनी हसत हसत एक खोकं ठेवलं. कोपरा चेपलेला होता आणि त्यावर निळी पट्टी होती.

तिने खोकं उलटं करून बघितलं. तळाला लाल फुली.

"हा कुठून आणलात साहेब?"

"आवडला ना? उत्तम मिक्सर आहे."

"तुम्हाला सोडतीत लागला होता."

"कुठल्या सोडतीत?" साहेबांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. "अहो, मी दर गावी असली दहा तिकिटं घेतो. काय लागतं ते आमच्या ऑफिसची पोरं परस्पर भेटवस्तूंच्या ट्रकमध्ये टाकतात. वाया जायला नको ना."

तो माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. त्याच्या काही लक्षातच नव्हतं. जासियाराने निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

"हा मिक्सर बेसाच्या गल्लीचा आहे," ती म्हणाली. "कोळणींनी, पाववाल्याने, तिकिटं घेऊन घेऊन मला इथवर पाठवलं. कुणाला लागला तरी कुणी ठेवून घेतला नाही. या साहेबांनी नेला, आणि आज बक्षीस म्हणून मलाच—"

तेवढ्यात गाणं लागलं. मोठ्याने लागलं. निवेदकाने माइक परत घेतला आणि फोटोसाठी हसा म्हणाला.

घरी पोचली तेव्हा गल्ली गाडीपाशी जमलेली होती, कारण निकाल सगळ्यांना कळला होता. तिने खोकं फळीवर ठेवलं. मावशीने आधी तळाची फुली बघितली.

"आणलास होय परत," ती म्हणाली. "गुणाची माझी. आता पुढचा टप्पा कुठे? तिकिटं काढायला घेते."

जासियाराने धिरडी उलटायचा झारा बाजूला सारून सुरी उचलली आणि निळी पट्टी कापली.

"अगं, काय करतेस? उघडल्यावर कोण घेणार मग?"

"कुणी घेऊच नये, मावशी." तिचा आवाज चढला आणि तिने तो उतरवला नाही. "तुम्हाला वाटतं तुम्ही माझा खेळ चालवता. तुम्ही त्यांचा खेळ चालवता. तुमच्या पैशाने मी जाते, मी जाते म्हणून त्यांना मंडप ठोकता येतो, खुर्च्या विकता येतात, प्रायोजक मिळतात. आणि शेवटी तुमचाच मिक्सर मला देऊन टाळ्या वाजवतात. माझ्या डोळ्यांदेखत वाजवल्या. मी शाळेत फोन केलाय. सोमवारपासून जाणार."

बिऊकाका वाळूकडे बघत राहिला. तिने भांडं धुतलं, टोपलीतली बोंडं चिरून टाकली, वर बर्फ टाकला आणि बटण फिरवलं. इतकी वर्षं खोक्यात पडून असलेला मिक्सर लगेच सुरू झाला. रस हां हां म्हणता तयार झाला. तिने तो प्रत्येकाला दिला, पाववाल्याला सगळ्यात आधी, कारण त्याच्यावर ती ओरडली होती.

"पहाटे जाळ्यावर येशील ना?" बिऊकाकाने विचारलं.

"येईन. शाळेआधी."

सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत मावशी पेल्याला हात लावेना. मग एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला, आणि आपली काळी पडलेली बोटं वळवून बघितली.

"इतकी वर्षं हा माझ्या पायाशी होता," ती म्हणाली, "आणि मी हाताने पिळत बसले."