ब्लिंकरची नाडी

आधी चहा पिऊन घ्या, कारण हे ऐकताना तुम्ही हसणार आणि तो गार होणार. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सबस्टेशन्स डिझाइन करतो, लाखभर व्होल्टच्या खाली बोलतच नाही. आणि असा हा मी बारा व्होल्टच्या एका दिव्यासमोर तोंडावर आपटलो!

मेलबर्नला लॉकडाऊन होता तेव्हाची गोष्ट. मी टार्निट उपनगरातल्या घरात पायजम्यात बसून ऑफिस करत होतो, आणि माझी बायको मीनल हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टर. सगळं शहर दारं लावून बसलेलं आणि ही रोज बाहेर. परत यायची ती गालांवर मास्कचे वळ घेऊन. आंघोळ करून आली की पहिला प्रश्न काय? "तू जेवलास का?" मला, दिवसभर फ्रीजशेजारी बसलेल्या माणसाला! खरं सांगतो, फार मोठी वाटायची हो ती. आणि मी फार छोटा.

म्हणून तिच्यासाठी काहीतरी करायचंच, असं मनानं घेतलं. हिवाळा होता, संध्याकाळी पाचलाच अंधार. आमच्या नव्या एस्टेटमध्ये अर्ध्या रस्त्यांना दिवेच नव्हते. थकलेल्या बाईची गाडी लांबून दिसायला नको? ऑनलाइन एलईडी बल्ब मागवले आणि रविवारी तिच्या गाडीचे चारही ब्लिंकर, म्हणजे वळताना लुकलुकणारे दिवे, बदलून टाकले.

लावून बघितलं. टिकटिकटिकटिकटिक! नुसता धडाका!

"बघ, एलईडी काय चपळ असतात!" मी मीनलला म्हणालो.

हो, मला तो गुण वाटला! एवढंच नाही, मित्रांच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवलासुद्धा.

"अरे, ब्लिंकर आहे की गणपतीच्या मखराची माळ?" मंदारनं विचारलं.

"जळू नकोस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मीनल घरी आली आणि तिनं शांतपणे पर्स खाली ठेवली.

"लॉकडाऊनमध्ये कामावर जायचं परमिट बघायला पोलिसानं थांबवलं," ती म्हणाली. "परमिट ठीक होतं. मग म्हणाला, 'डॉक, तुझा ग्लोब गेलाय. ब्लिंकर इतका पळतोय, तो तेच सांगतोय. उद्या गाडी अशी रस्त्यावर दिसली तर डिफेक्ट नोटीस लावीन. नो वरीज?'"

इकडे बल्बला ग्लोब म्हणतात, आणि डिफेक्ट नोटीस लागली की दुरुस्ती होईपर्यंत गाडी बंद. गेलाय? माझा नवाकोरा ग्लोब? शक्यच नाही! पण वरीज होत्या ना! आमची दुसरी गाडी उभी राहून राहून तिची बॅटरी पार मेलेली, आणि मीनलची पुढची शिफ्ट उद्या दुपारी. तिथे आधीच माणसं कमी. म्हणजे माझ्या चपळ एलईडीपायी इमर्जन्सीत एक डॉक्टर कमी पडणार!

सकाळी आजारी असल्याचं ऑफिसला कळवून कामाला लागलो. डावे बल्ब उजवीकडे लावले, उजवे डावीकडे. फ्यूज तपासले. डिकीचं अस्तर उचकटलं. चारही दिवे लख्ख पेटत होते आणि गाडी मात्र बल्ब गेल्याची बोंब मारत होती.

"गाडीच खोटं बोलतेय!" मी ओरडलो.

मीनल चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडे बोटावरचा प्रोब निसटला की मॉनिटर असाच बोंबलतो," ती म्हणाली. "पेशंट मस्त बसलेला असतो. गाडीला दिवा दिसतो का रे?"

"दिसणार कसा? ती करंट मोजते."

"मग तुझा एलईडी करंट घेतो किती?"

अहो, एलईडी वीज वाचवतो म्हणून तर घेतला होता! करंट इतका कमी, की गाडीला वाटलं तिथे बल्बच नाही. माझं वीस वर्षांचं इंजिनिअरिंग एकीकडे आणि हिचा चहाचा एक घोट एकीकडे. रात्रंदिवस माणसं वाचवून वर हे डोकं शाबूत! मला तर जागच्या जागी सॅल्यूट ठोकावासा वाटला.

जुने बल्ब परत लावले असते तर ती हार झाली असती; उपाय होता लोड रेझिस्टर. एलईडीच्या जोडीला हा लावायचा, तो फुकट करंट घेतो, आणि गाडीला वाटतं जुना बल्ब जागेवर आहे. म्हणजे वाचवलेली वीज मी आता पैसे देऊन जाळणार होतो! दुकानाच्या आत जायची सोय नव्हती. फोनवर ऑर्डर दिली, सायकल हाणत गेलो, पार्किंगमध्ये दुकानातल्या पोरीनं लांबूनच पिशवी बाकावर ठेवली, थँक्यूऐवजी "चिअर्स" म्हणाली.

चार रेझिस्टर पत्र्यावर घट्ट बसवले. टिक… टिक… टिक… आहाहा! निरोगी माणसाची नाडी! आनंदाच्या भरात चारही ब्लिंकर चालूच ठेवले, आणि थोड्या वेळानं नीट बसलेत ना म्हणून बोट लावून बघितलं.

रेझिस्टर तापतात. मला माहीत आहे. मी हे नव्या पोरांना शिकवतो!

माझी किंकाळी ऐकून मीनल धावत आली. नळाखाली बोट धरून बसवलं, पट्टी बांधली.

"लोकांना 'घरी राहा, सुरक्षित राहा' सांगून घसा बसला माझा," ती म्हणाली. "तू घरी राहूनही इमर्जन्सीत येतोस!"

मग शिफ्टला निघायला मास्क लावून, किल्ली घेऊन गाडीत बसली. ब्लिंकर लावून बघितला आणि खूश झाली.

"हा रेझिस्टर उजेड देतो?"

"नाही."

"मग काय काम करतो?"

"काम असं काहीच नाही. नुसता जागेवर बसून खातो. पण तो आहे म्हणून गाडीला वाटतं, सगळं ठीक चाललंय."

तिनं मला पायजम्यापासून पट्टीपर्यंत एकदा निरखून बघितलं. मास्कच्या वर डोळे हसत होते.

"अरे, मग घरात एक असताना आणखी चार कशाला आणलेस?"

आणि ब्लिंकर देऊन रस्त्यावर वळली. मी हात हलवला. पट्टीवाला.