खडूचा गोल

ताई कलिंगड नाण्याने वाजवून घेते. दाराची फळी, चहाचा ट्रे, दुसऱ्यांच्या घरातली कपाटंही वाजवते. नव्या खुर्चीवर बसण्याआधी ती वाकून खालून बघते. तडा गेलेला कप टाकत नाही. तडा कुठवर सरकला ते रोज पाहते आणि त्याच कपातून पिते. नाणं एकच आहे, झिजून गुळगुळीत झालेलं. ते ती खर्च करत नाही आणि कुणाला हातही लावू देत नाही.

ती माझी शेजारीण. विमानाचे भाग कसे मोडतील ते ती कॉम्प्युटरवर आधीच मोडून बघते. कार्बनच्या कापडाचे थर चिकटवून विमानासाठी फळ्या करतात. अशा फळीवर एखादा पाना पडला तर वरून ओरखडाही दिसत नाही. आत मात्र थर सुटतात. अशी फळी किती दाबाला, कुठून फुटेल, हे सांगणं ताईचं काम.

मी साहित्य शिकलेली. मला तिने हे माझ्या लिहायच्या टेबलावर शिकवलं. टेबल प्लायवुडचं. तिने नाणं आपटत नेलं. टण, टण, टण, आणि कोपऱ्यात एकदम भद्द. तिथे तिने खडूने गोल काढला.

"इथे थर सुटलेत. रविवारी गोंद भरून वर आवळायला शिकंजा लावते."

"लावून घे बाई," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे तिचा नवरा. "आमच्याकडे भांडण कुठून फुटणार तेसुद्धा ही आधी सांगते. थांबवत मात्र नाही."

"थांबवलं तर माझं उत्तर बरोबर होतं हे कळणार कसं?"

शनिवारी ती मला कारखान्यात घेऊन गेली. "चल, मोडायचा समारंभ आहे," म्हणाली. हसत होती, पण नाणं मुठीत घट्ट होतं. उत्तर चुकलं तर कारखान्याचे साहेब तिची पद्धत गुंडाळणार होते आणि तिला कागदपत्रांच्या विभागात बसवणार होते.

दोन सारख्या फळ्या होत्या. एकीवर मुद्दाम वजन पाडलेलं. दुसरी धडधाकट, तुलनेसाठी. वजन पाडलेली यंत्रात लावली. फोरमनकाकांनी दाब वाढवत नेला. ताईने सांगितलेला आकडा आला. मागे पडला. बराच मागे पडला. फळी ढिम्म.

"तुझ्या कॉम्प्युटरला ताप आलाय गं," काका म्हणाले. साहेब घड्याळ बघायला लागले.

ताईने यंत्र थांबवायला लावलं. जवळ जाऊन नाणं वाजवलं. सगळीकडे टण. मग ती मांडणीवरच्या दुसऱ्या फळीकडे गेली. टण, टण. भद्द.

"काका, हिच्यावर खडूची खूण होती."

"होती ना. साहेब येणार म्हणून मीच दोन्ही स्वच्छ पुसून..." काकांनी एकदा यंत्रातल्या आणि एकदा मांडणीवरच्या फळीकडे बघितलं.

मी मघाशी दोन्ही फळ्या डोळे फाडून पाहिल्या होत्या. मला काडीचा फरक दिसला नव्हता. ते भद्द आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुसरी फळी यंत्रात गेली. आकडा जेमतेम ओलांडला आणि ती कडाडली. मी किंचाळले. तडा ताईच्या चित्रातल्यासारखाच, त्याच जागेतून आडवा गेला.

"जरा उशिराच फुटली," साहेब म्हणाले.

"उशीर चालेल, साहेब. आधी फुटली असती तर मीच विमानात बसले नसते."

"चला," काका कपाळ पुसत म्हणाले, "कागदपत्रांचा विभाग वाचला."

आता कारखान्यातली प्रत्येक संशयित फळी आधी ताईकडे येते. ती संध्याकाळी गुणगुणत जिना चढते. रविवार येतात आणि जातात. गोंदाची बाटली माझ्या खिडकीत आहे, शिकंजा टेबलाखाली.

"या रविवारी नक्की गं!" ती जिन्यातूनच ओरडते.

मी टेबल रोज पुसते. त्या गोलाच्या कडेकडेने.