साहेबांची चिली आणि माझी ॲसिडिटी

मी कतारला गेलो तेव्हा वर्ल्ड कपला बराच अवकाश होता. जिथे पुढे स्टेडियम उभं राहिलं तिथे नुसते खड्डे, क्रेन आणि धूळ होती. आजूबाजूच्या रस्त्यांचं आणि ड्रेनेजचं काम आमच्या कंपनीकडे होतं. बायको-मुलगी दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये, आणि मी दिवसभर साइटवरच्या पोर्टाकॅबिनमध्ये ड्रॉइंगवर डोळे फोडत बसायचो.

आमचे साहेब टेक्सासचे. साठीला आलेले, उंच, तांबूस चेहऱ्याचे. बरीच वर्षं आखातात काढल्यामुळे दर दोन वाक्यांमागे ‘यल्ला’, म्हणजे चला, नाहीतर ‘खलास’. खोदकामाची खोली कागदावर बघून सही ठोकणारे साहेब मी पुष्कळ पाहिले होते. हे शिडी लावून खाली उतरायचे, टेप स्वतः धरायचे आणि दोन इंच कमी भरलं तर पुन्हा खोदायला लावायचे. माझी चिडचिड व्हायची, पण मनातून मी त्या माणसावर खूश होतो.

दर हिवाळ्यात एका गुरुवारी ते सगळ्या ऑफिसला चिली खिलवायचे. चिली म्हणजे सुक्या मिरच्यांच्या दाट रश्श्यात तासन्‌तास शिजवलेलं मांस. साइटवर कुठेही जाळ करायचा तर सेफ्टीवाल्याचं परमिट लागतं. साहेब स्वतःच्या चिलीसाठीही रीतसर फॉर्म भरायचे, शेगडीशेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर उभा करायचे आणि मगच गॅस पेटवायचे. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात एकच शब्द लिहायचे, चिली.

पहिल्या वर्षी सकाळीच पोर्टाकॅबिनच्या मागून तो वास आला आणि मी खुर्चीतून उठलोच. जाऊन बघतो तर साहेब लोखंडी तव्यावर सुक्या मिरच्या भाजत होते. तीन प्रकारच्या, घरून बॅगेत घालून आणलेल्या. एक रंगाला, एक चवीला, एक तिखटाला. अहो, हे तर आमचंच! आमच्या कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्यात रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी घेतात, आणि कोणती किती घ्यायची यावरून सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा होतात. साहेबांनी भाजलेल्या मिरच्या कढत पाण्यात भिजवल्या, वाटल्या आणि गरम तेलात सोडल्या. सगळं ऑफिस खोकायला लागलं. असा ठसका गाव सोडल्यापासून लागला नव्हता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मग पातेल्यात बीफ पडलं.

मी मटण खातो, कोंबडी खातो, बीफ खात नाही. एवढंच सांगायचं होतं. पण दुपारी साहेबांनी पहिली वाटी भरली आणि ऑफिसात सगळ्यांत नवा म्हणून स्वतः माझ्याकडे घेऊन आले. वाटी हातात देऊन समोर उभे राहिले, माझा चेहरा बघत. आमच्याकडचे केरळचे दोघे, दोघेही हिंदू, पातेल्याशी घुटमळत मागच्या वर्षीच्या चवीची आठवण काढत होते, त्यामुळे साहेबांच्या मनात शंकाही नव्हती. मला नाही म्हणवेना. भिडेखातर तोंडातून निघालं, "सर, मला ॲसिडिटी आहे. तिखट सोसत नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. वाटी परत घेऊन ते हळूच निघून गेले.

घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "कोल्हापूरचा माणूस आणि ॲसिडिटी! अरे, तू उठल्याउठल्या भाकरीशी खर्डा खातोस! उद्या जाऊन सांगून टाक."

सांगतो म्हटलं, आणि सांगितलं नाही. एकदा थाप मारली की ती सांभाळावी लागते. दुसऱ्या वर्षी मी उपास सांगितला. तिसऱ्या वर्षी चिलीच्याच दिवशी मेसईदच्या बंदरावर पाइप बघायला जायचं काम मुद्दाम अंगावर घेतलं आणि दिवसभर उन्हात पाइप मोजत बसलो. अधूनमधून साहेब विचारायचे, "पोट कसं आहे तुझं?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला, बरं होईल."

या सगळ्या वर्षांत एक भांडण मात्र मी मिटक्या मारत ऐकलं. आमच्यात ओहायोचा एक इंजिनीयर होता. तोही अमेरिकनच, पण त्याच्या गावच्या चिलीत दालचिनी पडायची, आणि ती शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतून वर राजमा आणि चीज घालायचे. हे ऐकलं की साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "राजमा घातला की ती चिली नाही, सूप," ते म्हणायचे. टोमॅटोही नाही. ओहायोवाला दर वर्षी राजम्याचा एक डबा घेऊन यायचा, विनवण्या करायचा, आणि डबा तसाच परत न्यायचा. साहेबांनी एक दाणा पातेल्यात पडू दिला नाही.

मला हे अगदी घरचं वाटायचं. बायको पुण्याची. तिच्या मिसळीत गोडा मसाला, गुळाचा खडा आणि खाली पोहे. माझ्या मते मिसळ म्हणजे कट, वर लालभडक तरी आली पाहिजे, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात दोन पातेली चढायची. ती म्हणायची, "तुमच्यात मटकी शोधायला दुर्बीण लागते." मी म्हणायचो, "तुमच्या मिसळीला वाढदिवसाला मेणबत्ती लावता येईल." तेव्हा पुरती दहा वर्षंही न झालेली आमची मुलगी दोन्हीकडचं मुकाट्याने खायची.

चौथ्या हिवाळ्यात कळलं, साहेब निवृत्त होऊन घरी निघालेत. त्यांच्या भागाचं काम संपत आलं होतं. म्हणजे त्या वर्षीची चिली शेवटची. आठवडाभर आधी चहाच्या टपरीवर ओहायोवाला मला म्हणाला, "या वर्षी तरी खाऊन टाक बाबा. आमची सुटका कर."

"म्हणजे?"

"तुला ठाऊक नाही? म्हातारा दर वर्षी मिरच्या कमी करतोय. तुझ्या पोटाला सोसावी म्हणून. गेल्या वर्षी तर कुणी खोकलंसुद्धा नाही. राजम्यासाठी मी डोकं फोडतोय, मला दाद देत नाही. आणि तुझ्यासाठी आपल्या बापाने शिकवलेली चिली बिघडवून बसलाय. तरी तू तो दिवस मेसईदला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन इंचांसाठी खड्डा पुन्हा खोदायला लावणारा माणूस हा. त्याने आयुष्यभर जपलेलं माप माझ्या एका थापेपायी बदललं होतं, आणि आता शेवटचं पातेलंही मिळमिळीत होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, "सर, मला ॲसिडिटी नाही. कधीच नव्हती. मी बीफ खात नाही, एवढंच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि तिखट?"

"तुमच्यापेक्षा जास्त खातो," असं बोलून गेलो आणि जीभ चावली.

ते हसले नाहीत. टेबलाच्या खणातून मिरच्यांची पुडी काढून त्यांनी समोर ठेवली. "ही शेवटची. यातल्या तिखट मिरच्या मी या वर्षी घालणारच नव्हतो."

मला काहीतरी करून भरपाई करायची होती. म्हटलं, "सर, थोडी मटणाची करता आली तर..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी राजम्याचा डबा घेऊन आलो होतो. "बीफ नसेल तर नसेल. पण त्याच्या जागी दुसरं काही येत नाही. यल्ला, कामाला लाग."

पुढचे दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. बायको म्हणाली, "रागावू देत. खरं कळलं ना त्यांना? बास." पण हा माणूस रागावून गेला असता तर मला ते जन्मभर खात राहिलं असतं.

गुरुवारी सकाळी मी जागेवरून हललो नाही. दहाच्या सुमाराला मागून वास आला. मग केरळच्या दोघांतला एक खोकला, मग दुसरा. मग सेफ्टीवाला शिंकत बाहेर पळाला. ओहायोवाला डोळे पुसत दारात येऊन म्हणाला, "आला! म्हातारा परत आला!" आणि पाठोपाठ, "तुला बोलावतोय."

शेगडीवर दोन पातेली होती. एक नेहमीचं, मोठं. दुसरं छोटं, कोरं करकरीत, झाकणावर दुकानाचं लेबल तसंच. साहेब म्हणाले, "याला बीफ लागलेलं नाही. डावही नवा आहे. मिरच्या तुझ्या आधी वाटल्या, मग त्यांच्या." माझ्यासारख्या माणसाला काय काय चालत नाही, याची चौकशी त्यांनी चार दिवस कुणाकुणाकडे केली होती, ते मला नंतर कळलं. ते गप्प होते ते त्यासाठी.

त्यांनी झाकण काढलं. आत मांस नव्हतं. राजमा तर नव्हताच. मटणही नाही. नुसत्या मिरच्या, लसूण, जिरं, आणि वर बोटभर लाल तरी. माझा नियम मोडला नव्हता आणि त्यांनी आपलाही मोडला नव्हता. दोघांचे नियम पाळून जे उरलं ते पातेल्यात होतं, आणि तो अस्सल कट होता.

साहेबांनी वाटी भरून माझ्या हातात दिली आणि पहिल्या वर्षीसारखेच समोर उभे राहिले, माझा चेहरा बघत. मला तो माणूस त्या क्षणी माझ्या घरच्यासारखा वाटला. मी वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. शेवटच्या घोटाला असा ठसका लागला की भिंतीला धरून उभा राहिलो, कानातून वाफा निघायच्या बाकी होत्या.

साहेबांनी मला पाणी दिलं नाही. नुसतं वाकून विचारलं, "ॲसिडिटी?"

मी खोकत खोकतच रिकामी वाटी पुढे केली.