चहासारखं पाणी

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लॅबच्या मॅडमना उपमा चालत नाहीत. सांडपाण्याच्या रिपोर्टात मी एकदा 'पाणी चहासारखं' असं लिहिलं. त्यांनी लाल पेनाने काट मारली. "कोणाच्या घरचा चहा, सर? आकडा लिहा." ऊन आग ओकत असलं तरी त्या "एकेचाळीस आहे" एवढंच म्हणणार. मला हा काटेकोरपणा आवडायचा.

माझे वडील, खरवईचे जुने शेतकरी, हॉस्पिटलात शेवटच्या आजारात होते. "आता माझं काय होणार रे?" असं ते सारखं विचारायचे आणि मी त्यांना क्रिएटिनिनचा आकडा सांगायचो. मग कॉटभोवती येरझारा घालत राहायचो.

एका रविवारी मॅडम चर्चमधून परस्पर तिथे आल्या. बाबांनी त्यांनाही तेच विचारलं. उशाशी बसत त्या म्हणाल्या, "बाबा, आमचा देव कोंबडीसारखा आहे. पिल्लांना पंखाखाली घेतो."

मी चपापलो. बाबा मात्र कितीतरी दिवसांनी हसले. "आमची तांबडी तशीच बसायची, घार आली का." आणि गाढ झोपले.

बाहेर आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "कोणाच्या घरची कोंबडी, मॅडम?"

"बाबांच्या घरची," त्या शांतपणे म्हणाल्या.

बाबा गेले. रिपोर्टात मी आकडेच लिहितो. पण माझ्या वेळी उशाशी माझ्यासारखाच कुणी बसला तर, या विचाराने अजूनही उठून येरझारा घालू लागतो.